शेवटची केमो मंगळवारी, मग पूजा कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आई ५८ वर्षांची, देवगड तालुक्यात गावी राहते. डिसेंबरात स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जानेवारीअखेरीपासून दर २१ दिवसांनी केमो, आधी चार लाल औषधाच्या, मग चार दुसऱ्या. आठवी आणि शेवटची येत्या मंगळवारी. पुढे रेडिएशन नाही, रोजची गोळी आहे. काकांनी ठरवलंय की दहाव्या दिवशी सत्यनारायण घालायचा. मुंबईहून सगळे येतील, पन्नास-साठ पान उठेल. पण आई गप्प गप्प असते. परवा पेज पिता पिता म्हणाली, 'आता तुमी सगळे जातलात,' आणि रडायला लागली. एवढं सगळं पार पडलं, आनंद व्हायचा तर रडते का? आणि आम्ही आता नेमकं काय करायचं?"

काकांना आजच फोन लावा आणि पूजा पुढे ढकला. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. सत्यनारायण महिन्याभराने घातला म्हणून कोपत नाही. पांढऱ्या पेशी मात्र दहाव्या दिवशी कोणाचंच ऐकत नाहीत.

मी गेली २४ वर्षं केमोच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर आहे. शीर शोधणं, सलाईन लावणं, फाईल बघणं हे माझं काम, औषध ठरवणं डॉक्टरांचं. तेव्हा खाली जिथे औषधाचा विषय येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. केमो संपल्यावर घरात काय होतं ते मात्र वॉर्डात बसून कळत नाही. तपासणीला आलेली माणसं जाता जाता दोन मिनिटं थांबतात, तेव्हा कळतं. हे उत्तर त्या दोन-दोन मिनिटांचं आहे.

दहाव्या दिवसाचं गणित आधी समजून घ्या. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळं, तोंडाच्या आतली नाजूक त्वचा आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच. डोस दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि मग हळूहळू वर येतात. दोन डोसांत २१ दिवस ठेवतात ते या भरपाईसाठी. आठवी केमो शेवटची आहे हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. आईच्या हाडांतल्या मगजाला ते कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी ती सातवीनंतरची आठवी.

उलट शेवटच्या वेळी एक गोष्ट हमखास निसटते. एरवी पुढच्या डोसाआधी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) होतो आणि काउंट कमी निघाला तर डॉक्टर थांबवतात. या वेळी पुढचा डोसच नाही, म्हणून रक्त बघायला सांगणारंही कोणी उरत नाही. मंगळवारी तिथेच विचारून घ्या की तीन आठवड्यांनी एक सीबीसी करायचा का. तो तालुक्याच्या लॅबमध्येही होतो, त्यासाठी लांब जायला नको.

माझी चूक सांगते, म्हणजे एवढा आग्रह का ते कळेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका काकींची शेवटची सुई काढताना मी मोठ्या हौसेने म्हटलं, "सुटलात हो काकी, झालं सगळं!" अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यांना ताप भरला. घरच्यांनी तापाची गोळी दिली, घाम आला, ताप उतरला. केमो तर संपलेली, पावसात भिजल्या असतील, असं म्हणून रात्र काढली. सकाळी आणलं तेव्हा बीपी पार खाली गेलेलं. दोन आठवडे दाखल होत्या. वाचल्या. त्यांच्या मुलाने मला बोल लावला नाही, फक्त म्हणाला, "सिस्टर, तुमीच म्हणालात ना, झाला सगळा?" तेव्हापासून शेवटच्या सलाईनला मी "झालं" म्हणत नाही. "आता तीन आठवडे जपा" एवढंच म्हणते. लोकांना ते रुक्ष वाटतं. वाटू दे.

तर पुढचे तीन आठवडे थर्मामीटर उशाशी. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, झाला की गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. गोळीने आकडा उतरतो, आतला संसर्ग तसाच राहतो. लगेच फोन, लगेच गाडी, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. तुमच्या गावाहून मोठ्या हॉस्पिटलात पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हीच जाणता, आणि पावसात दरड आली, झाड आडवं पडलं तर तो वेळ दुप्पट होतो. म्हणून कोणाची गाडी, रात्री कोणाला उठवायचं, त्याचा नंबर कुठे लिहिलाय, हे आजच ठरवा. १०८ आहेच, पण वाडीतला गाडीवाला दारात आधी येतो. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला. रात्रपाळीच्या डॉक्टरला तेवढं वाचलं की पुढचं कळतं. थंडी वाजून हुडहुडी भरली, धाप लागली, जुलाब थांबेनात, लघवी होईना, तरी तसंच. तेव्हा ताप नसला तरी निघायचं.

आता सांगा, अशा दिवसांत पन्नास-साठ माणसं घरात आणायची, त्यातली चार सर्दी घेऊन आलेली, दोन पोरं खोकणारी, आणि प्रसाद तिनेच वाटायचा? महिन्याने करा. घरच्यांना फारच रुखरुख लागली तर मंगळवारी परत आल्यावर देवासमोर नारळ ठेवून घरच्या पाच माणसांत गाऱ्हाणं घाला. "व्हय म्हाराजा" म्हणायला पाच तोंडं पुरतात.

ऋतूचाही विचार करा. जून सरत आलाय, लावणीचे दिवस. तुमची आई जन्मभर तरवा (भाताची रोपं) काढत आलेली बाई असेल तर बांधावर जाऊन नुसतं बघते म्हणेल आणि पाच मिनिटांत चिखलात उतरलेली असेल. मला या बायका ठाऊक आहेत, माझी आई त्यातलीच. पण चिखलपाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो, आणि सिंधुदुर्गात लेप्टो काय करतो हे कोणाला सांगायला नको. त्यात काउंट कमी आणि पायाला जखम झालेली कळत नाही, अशी तिहेरी गाठ. यंदा चिखल नाही म्हणजे नाही. विहिरीचं पाणी उकळून द्या, पावसात ते गढूळ होतंच. मासे खुशाल द्या, चांगले ताजे, पूर्ण शिजवलेले. बांगड्याच्या तिखल्याने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, आणि तिला आता प्रथिनं हवीतच. फक्त कालवं, तिसऱ्या असलं शिंपल्यातलं महिनाभर राहू दे, ते नीट शिजल्याची खात्री देता येत नाही. बाकी पेज, कुळथाची पिठी, अंडी, मऊ भात. जिभेला लोखंडासारखी चव येत असेल तर सोलकढीचे दोन घोट बरे वाटतात, पण तोंड आलं असेल तर आंबट नको. कोणी काढा, चूर्ण, मुळी आणून देईल. आणणाऱ्याचा अपमान करू नका, घ्या, ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. यकृत आधीच थकलेलं असतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. ती रडते का?

तुमच्या भिंतीवर कालनिर्णय असेल. (आमच्या मालवणात जन्मलेल्या जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये काढलेलं, म्हणून आम्हाला त्याचं जरा जास्तच.) सिलिंडर कधी लावला, दूध किती आलं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, आणि तुमच्या घरी जानेवारीपासून दर २१ दिवसांनी एक गोलही असेल. आज घरी जाऊन त्या गोलांकडे तिच्या नजरेने बघा. प्रत्येक गोल म्हणजे कोणीतरी मुंबईहून येणार. गाडी ठरणार. डॉक्टर पोटाला हात लावून बघणार, सिस्टर विचारणार "काय म्हणता काकी, मागच्या वेळी उलट्या किती झाल्या?" तीन दिवस घरात माणूस असणार आणि तिच्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष असणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवशी आत औषध जाणार, म्हणजे रोगाशी कोणीतरी झगडतंय. त्रास होत होता, पण पहारा होता. आता पान उलटलं की जुलै कोरा, ऑगस्ट कोरा.

हे मला एका गुहागरकडच्या बाईंनी शिकवलं. शेवटच्या डोसाला त्यांच्या नातीने घरून केक आणलेला. केक कापला, सगळे हसले, फोटो झाले. मी सुई काढायला गेले तर माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "सिस्टर, एक अजून नाही का देता येणार?" मी आधी हसले. मग त्यांचा चेहरा बघितला. त्या थट्टा करत नव्हत्या.

यात शरीराचाही भाग आहे, तो सांगून ठेवते म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. दुसऱ्या प्रकारच्या चार केमो बहुधा पॅक्लिटॅक्सेलच्या असाव्यात. ते औषध अंगावर उठू नये म्हणून आधी स्टेरॉइड देतात. त्या रात्री झोप येत नाही, माणूस तरतरीत, बडबडा होतो. मग स्टेरॉइड उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी अंग ठणकायला लागतं, मन पार बसतं. म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या सुमाराला ती जास्त रडेल. तेव्हा तिला समजवायला जाऊ नका. शेक द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी द्या, पण त्याआधी ताप मोजा.

आणखी एक असतं. उपचार चालू असताना घाबरायला वेळच नसतो. पुढचा डोस, पुढचा रिपोर्ट, पुढची गाडी. सहा महिन्यांची बाजूला सारलेली भीती आता मोकळ्या घरात येऊन बसते. बहुतेकांना येते. त्यात कृतघ्नपणा नाही, मन कच्चं असणंही नाही.

मुंबईच्या बाजूला हल्ली काही ठिकाणी शेवटच्या डोसाला घंटा वाजवतात. ही पद्धत अमेरिकेतली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९९६ मध्ये इर्व्ह ल मोइन नावाच्या नौदल अधिकाऱ्याने उपचार संपल्यावर पितळी घंटा वाजवली, तिथून ती पसरली. तुमच्याकडे ती असेल तर आईला "हवी का घंटा?" एवढं विचारा आणि नको म्हणाली तर सोडून द्या. काहींना खरंच आवडते. पण माझ्याकडच्या एक आजी म्हणाल्या होत्या, "घांट देवळात शिरताना वाजवतत गो, निघताना नाय." शिवाय बाजूच्या खाटेवर असा माणूस असतो ज्याच्या केमोला शेवट नाही, त्याच्या कानावर ती कशी पडत असेल हे मी रोज बघते. माझं मत घंटेच्या बाजूने नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

"आता तुमी सगळे जातलात" याला "छे गं, आम्ही कुठे जातो?" असं उत्तर देऊ नका. तुम्ही जाणार आहात. तुमची नोकरी आहे, रजा संपलेली आहे, हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. खोटा दिलासा तिला लगेच कळतो आणि मग ती पुढचं बोलत नाही. तिला सांगा कोण कधी येणार. तारखेनिशी. कॅलेंडर खाली उतरवा, पेन तिच्या हातात द्या आणि नवे गोल करा.

हे गोल कुठे करायचे यात माझं थोडं ऐका. बहुतेक घरांत सगळी माणसं पहिल्या पंधरवड्यात येतात आणि नंतर कोणी नाही. मी उलटं सांगते. पहिला आठवडा तुम्ही एकटेच तिच्याजवळ राहा. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी एक, बहीण किंवा मावशी, सर्दी-खोकला नसलेली. मग महिनाभर फोन आणि शेजार पुरे. आणि तिसऱ्या महिन्यात कोणीतरी सलग दहा-पंधरा दिवस येऊन राहा. तेव्हा माणूस खरा लागतो. तोवर डोक्यावर जावळ आलेलं असतं, चेहऱ्यावर रंग आलेला असतो, येणारा-जाणारा म्हणतो "छान झालीस की गो आता," आणि तिला मात्र विहिरीपासून पडवीपर्यंत कळशी आणली की बसावं लागतं. केमोचा थकवा झोपून जात नाही आणि महिनोन्महिने टिकू शकतो. शब्द आठवत नाहीत, चहात साखर दोनदा पडते. पहिली तपासणीही याच सुमाराला येते आणि त्याच्या आदल्या आठवड्यात झोप उडते. तुमच्या बाबतीत तिसरा महिना म्हणजे गणपती. वीस चाकरमानी दारात, आणि सगळ्यांना वाटणार की वयनी बरी झाली, आता तिच्या हातचे मोदक.

या स्वयंपाकघराच्या बाबतीत घरं दोन टोकांना जातात. एका घरात दुसऱ्याच महिन्यात चूल तिच्या गळ्यात. दुसऱ्या घरात तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, "तू बस, तू बस". दुसरं टोक प्रेमाचं दिसतं, पण त्याने बाई खचते. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "सिस्टर, माका बसवून बसवून देव केल्यानी." तिने काय करायचं ते तिला ठरवू दे. अर्धं काम ती करील, अर्धं दुसरा. फोडणी ती देईल, नारळ दुसरा खवेल.

नारळ दुसऱ्याने खवायचं कारण हातापायांच्या मुंग्या. पॅक्लिटॅक्सेलने नसांच्या टोकांना इजा होते. बोटं बधिर, तळव्याखाली वाळू असल्यासारखं, बटण लागत नाही. केमो थांबल्यावर हे लगेच जात नाही. कधी आधी थोडं वाढतं, मग सहा महिने, वर्ष असं ओसरत जातं, काहींच्यात थोडं उरतं. तोवर विळी, खवणी, मासे साफ करणं, काजूच्या बिया फोडणं, यात हात कापतो-भाजतो आणि कळतच नाही. गरम भांडं तर नेहमीचं. पायात चप्पल घरातसुद्धा. पावसात पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि बधिर पायांना घसरणं उशिरा कळतं. साकवावरून एकटीने जाणं नको. लाईट गेल्यावर मोरीकडे जाताना पडणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात, तेव्हा उशाशी बॅटरी हवी. दुखणं, जळजळ फार असेल तर डॉक्टरांना ड्युलॉक्सेटिनबद्दल विचारा, या त्रासावर त्याचा उपयोग होतो. दुकानातून "नसांची ताकदीची" म्हणून गोळ्या आणून स्वतःच चालू करू नका.

थकव्यावर चालणं हा उपाय आहे. आधी पडवीत दहा फेऱ्या, मग खळ्यात, पाऊस उघडल्यावर रस्त्याने. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोचायचं, पण घाई नाही. कोणीतरी बरोबर चाला, बोलत बोलत. सहा महिने तुम्ही तिच्याशी काउंट, उलटी, संडास यावरच बोललात, हो ना? सगळे तेच करतात. आता दुसरं काही विचारा. कलमांना खत कधी घालायचं, अमक्याच्या जमिनीचा वाद काय होता, भाजणीचं प्रमाण काय. नुसतं मन रमवायला नव्हे, तुम्हाला खरंच माहीत नाही म्हणून विचारा. सल्ला देताना माणूस रुग्ण राहत नाही.

बाबांबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. ते असतील तर त्यांच्याकडे बघा. आमच्याकडचे पुरुष सहा महिने पेज शिजवतात, फाईल सांभाळतात, गाडीत पुढच्या सीटवर गप्प बसून येतात आणि केमो संपली की पंधरा दिवसांत स्वतः आडवे होतात. बीपीची गोळी कधीच संपलेली असते आणि कोणाच्या लक्षात नसतं. आईच्या सीबीसीला जाल तेव्हा त्यांचं बीपी आणि साखर बघून घ्या. आणि त्यांना एक दिवस सुट्टी द्या, कुठे जायचं असेल तिकडे जाऊ दे, कारण विचारू नका.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त हे एक वेगळंच खातं. "आमच्या आतेच्या जावेला असाच झालेला, बरी झाली म्हणाले, दोन वर्षान परत वर आला." हे सफरचंदं हातात देता देता सांगतात. वाईट मनाने नाही, सवयीने. घरातल्या एका खमक्या माणसाला दारावर नेमा, बहुतेक घरात एक आत्या त्या कामासाठीच जन्माला आलेली असते. मदत करायला निघालेल्यांना नेमकं काम सांगा. "काय लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला सांगण्याइतकी ताकद तिच्यात नसते. दर गुरुवारी मासे तू आण, सोमवारी औषधांचं तू बघ, असं बोलून टाका. माणसं आनंदाने करतात, त्यांनाही काय करावं कळत नसतंच.

कागदांचं पटकन सांगते. मंगळवारी डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश लिहून मागा: कुठली औषधं, किती डोस, कुठल्या तारखांना. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, जन्मभरात ठरावीक मात्रेपर्यंतच देता येतं, कारण ते हृदयाला त्रास देतं. पुढे कधी गरज पडली तर किती झालंय ही नोंद लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फायलीला बुरशी धरते, ईसीजीच्या चकचकीत कागदावरची शाई उडते. सगळ्याचे फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा. छातीजवळ पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवतात ती छोटी डबी) बसवलेला असेल तर तो कधी काढायचा आणि तोवर कधी धुवून घ्यायचा तेही विचारा, हे विसरलेले पोर्ट मी बघितलेत. पुढे पहिली तीन वर्षं ३ ते ६ महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी. त्रास काही नसताना मनाच्या शांतीसाठी दरवर्षी पेट स्कॅन करू नका, शांती मिळत नाही आणि पैसे जातात. तपासणीला मुंबईला रेल्वेने येणार असाल तर कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलातून तो फॉर्म भरून घ्यावा लागतो. रोजची गोळी किमान ५ वर्षं चालेल. तिने सकाळी सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि बायका कोणाला न सांगता ती बंद करतात. दुखत असेल तर बोल, बंद करू नकोस, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. औषध बदलता येतं.

आता भीती. डोकं दुखलं की तिकडे गेला, पाठ दुखली की हाडात गेला, हे होणार. मी दोन आठवड्यांचा हिशेब सांगते. नवीन दुखणं आलं, तारीख लिहा. दोन आठवड्यांत गेलं तर गेलं. टिकलं किंवा वाढत गेलं तर दाखवा, तपासणीच्या तारखेची वाट न बघता. गाठ, धाप, कावीळ, पायावर सूज, ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजणं यात मात्र दोन आठवडेही थांबायचं नाही. उदासपणालाही हाच हिशेब लावा: सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, किंवा "आता कशाला जगायचं" असं एकदा जरी बोलली तरी डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. मालवणी ऐकून ते गोंधळतील कदाचित, पण समजून घेतात.

शेवटी तुमच्या गणपतीबद्दल, कारण काकांचा पुढचा बेत तोच असणार. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एक बाई होत्या, मालवणकडच्या, मोदकांसाठी साऱ्या वाडीत नावाजलेल्या. एकवीस मुखऱ्यांचा, म्हणजे कळ्यांचा, मोदक. केमो जूनमध्ये संपली आणि गणपतीत बोटांना पारीच लागेना. त्यांच्या सुनेने मोठी युक्ती केली. उकड सासूने काढायची, चव म्हणजे नारळ-गुळाचं सारण सासूने बघायचं, आणि वळायला सून आणि तिच्या दोन मुली बसल्या, सासूच्या समोर, ओरडा खात. सासूने स्वतः एकच मोदक केला, तो बाप्पापुढे ठेवला. तपासणीला आल्या तेव्हा मला बोटं दाखवत म्हणाल्या, "पाच मुखऱ्यो. मोजलंय मी." पुढच्या वर्षी अकरा झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कोण मोजता? कामा काय कमी आसत?"